हिराबाईंचं पुसणं

परवा माझा ईसीजी काढताना तंत्रज्ञ मुलीने आधी स्पिरिटच्या बोळ्याने माझी छाती पुसली. त्या गार वासासरशी मी तीस-पस्तीस वर्षं मागे, यंत्रमागांच्या गजबजाटातल्या निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात जाऊन पोचलो.

तिथे मी ईसीजी काढायचो. एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून जवळच्या पूर्णा गावचा एक लूम कामगार यंत्रमागावरची शिफ्ट सोडून आला. कागदावर रेषा नुसती थरथरत होती. "शेजारच्या लूमचा करंट मशीनमध्ये येतो, उद्या या," मी सवयीने म्हणालो. हृदयाची वीज फार बारीक असते. कातडीवर तेल आणि कापूस असला तर ती अंगावर बसवलेल्या धातूच्या वाटीपर्यंत नीट पोचत नाही. हे मला शिकवलेलं होतं. पण पुसत कुणीच नसे, मीही आळस केला.

त्याची बायको हिराबाई हलली नाही. "भाऊ, लूमवाल्याचं अंग हाय ते. पुसलं का? तेलकट सुतावर खळ तरी बसते का?"

बाटलीतलं स्पिरिट पदरावर ओतून तिने त्याची छाती, मनगटं, घोटे घासून काढले. मी वाट्या पुन्हा बसवल्या. रेषा स्वच्छ उमटली आणि हृदयाचा झटका स्पष्ट दिसला. डॉक्टरांनी त्याला लगेच ठाण्याला हलवलं. तो वाचला, पुढे पुन्हा लूमवर उभा राहिला.

"पुसायचं बरं सुचलं तुला," डॉक्टर मला म्हणाले. मी मान डोलावली. नंतर हाताखालच्या प्रत्येकाला मी तेच शिकवलं, स्वतःचं म्हणून.

"आधी पुसायचं, हा आमच्या सरांचा नियम," परवा ती मुलगी म्हणाली. तिचे सर माझ्याच हाताखाली शिकलेले.

"सरांचा नाही, माझाही नाही," मी म्हणालो. "पूर्ण्याच्या हिराबाईंचा."