मिस्त्रींचं दुसरं विमान

कुठेही गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो. मिस्त्री आधी लाकडाकडे बघायचे. माझ्या क्लिनिकमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नमस्कार केला, तो त्यांनी घेतलाच नाही. डाव्या हाताच्या बोटांनी माझ्या टेबलावर दोनदा टकटक केलं, कान जरा वाकडा केला आणि म्हणाले, "प्लायवूड. बाय, एवढी डॉक्टर झालीस आणि बसायला हे?" मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी त्यांना पुढची दोन वर्षं सांगत राहिले. त्यांना तो फरक कधी महत्त्वाचा वाटला नाही.

पावसच्या पुढे खाडीकाठी त्यांनी जन्मभर मच्छीमारांच्या होड्या बांधल्या. फायबरच्या होड्या आल्या, काम कमी झालं आणि सत्तरी गाठली त्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची मात्र मूठ झाली ती झालीच. या आजारात पकड आधी परत येते; बोटं उघडणं सगळ्यांत शेवटी येतं, कधी येतही नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, रोज खोबरेल लावून एकेक बोट सोडवायच्या. त्यांनी हात काढला की मूठ पुन्हा मिटायची. दर खेपेला निघताना मिस्त्री एवढंच विचारायचे, "उघडेल काय गो?" मी "उघडेल" म्हणायचे. मला खात्री नव्हती आणि ते त्यांना कळत होतं.

व्यायामाशी त्यांचं वाकडं होतं. रबरी चेंडू, रंगीत खुंट्या, सगळ्याला ते बालवाडी म्हणत. शेवटी मला आठवलं की माझा भाऊ कॉलेजात असताना बाल्सा लाकडाची विमानं जोडायचा. मी तसं एक किट मागवलं आणि त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवलं. मिस्त्रींनी त्यातली एक पातळ फळी उचलली, तोलली, हुंगली. "हे लाकूड नाय गो, हा पाव हाय," ते म्हणाले. "गाठ नाय, वास नाय. ह्या झाडाला कोणी वारासुद्धा लागू दिलेला दिसत नाय."

त्या पावानेच त्यांना रडकुंडीला आणलं. पंखाची एखादी पट्टी उजव्या हातात यायची, पण जागेवर ठेवायची वेळ आली की मूठ उघडायची नाही आणि पट्टीचा चुरा व्हायचा. काकी तो चुरा केरसुणीने गोळा करायच्या. मी सरळ बदली पट्ट्या मागवत राहिले. एके दिवशी मिस्त्री मला अगदी हळू आवाजात म्हणाले, "मनगट खाली सोडलं की बोटं ढिली होतात. तुझ्या पुस्तकात हाय काय हे?" पुस्तकात होतं. मी पन्नास वेळा सांगितलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, "नाही." "मग लिहून घे," मिस्त्री म्हणाले.

किटमधला नकाशा त्यांनी पहिल्याच दिवशी घडी करून काकींना डब्याखाली घालायला दिला होता. आमच्या खाडीवर होडी डोळ्यांनी बांधतात, कागदावरून नाही. त्यामुळे विमानही होडीसारखंच झालं. जिथे एक पट्टी तिथे त्यांनी दोन लावल्या, प्रत्येक सांध्याला दोनदा गोंद भरला आणि वरून होडीचाच निळा ऑइलपेंट दिला. काकींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आम्ही तिघं गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर गेलो. मिस्त्रींनी डाव्या हाताने विमान फेकलं. चार पावलांवर ते कातळावर नाक आपटून पडलं. मला हसू आलं, त्याची मला अजून लाज वाटते. मिस्त्री खाली बसले. "होडीला भीती पाण्याची," ते म्हणाले. "ह्याला कसली?"

"वजनाची," मी म्हणाले.

दुसऱ्या किटच्या वेळी त्यांनी डब्याखालचा नकाशा परत मागून घेतला. पट्टी पट्टी घासून ते कागदासारखी करत. "जन्मभर लाकूड घालत आलो, आता काढायला शिकतंय," असं मला म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती. पावसाळी हवेने पंखांवर ताणून चिकटवलेला पातळ कागद सैल पडे, म्हणून काकींच्या चुलीवरची सुकी मासळी हलवून तिथे विमान टांगलं गेलं. काकी रोज कुरकुरायच्या, पण धूर लागू नये म्हणून त्याला जुनं लुगडंही त्यांनीच गुंडाळलं होतं.

मिस्त्री गेल्या वर्षी गेले, झोपेतच. त्यांचा हात शेवटपर्यंत पुरता सुधारला नाही. शर्टाची बटणं काकीच लावायच्या. मला त्यांची फार आठवण येते. "उघडेल का" असं आज कोणी पेशंट विचारतो तेव्हा मी नुसतं "उघडेल" म्हणून सुटत नाही. त्याला मी दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळची गोष्ट सांगते.

त्या संध्याकाळी सड्यावर आम्ही तिघंच होतो. मिस्त्रींनी ते दुसरं विमान उजव्या हातात घेतलं. हात पुढे गेला, बोटं उघडली नाहीत. दुसऱ्यांदाही तेच झालं आणि शेपटीकडची एक पट्टी मोडली. मी म्हणाले, "मिस्त्री, आज डाव्याने सोडूया."  त्यांनी श्वास सोडला, हात पुढे नेला, मनगट खाली टाकलं, आणि विमान गेलं. हलत डुलत सड्याची कड ओलांडून, खालच्या आंब्याच्या कलमांच्या शेंड्यांवरून ते खाडीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. मी तिकडे बघत राहिले. मिस्त्री बघत होते आपल्या हाताकडे. पाचही बोटं उघडी होती.

काकी रोजच्या सवयीने बोटं सोडवायला पुढे झाल्या. सोडवायला काही नव्हतं. त्या क्षणभर घोटाळल्या, मग त्यांनी आपला हात त्या तळव्यावर ठेवला. मिस्त्रींची बोटं त्यावर हळूहळू मिटली.

"विमान गेलं गो," ते म्हणाले.

"जाऊंदे," काकी म्हणाल्या. "तिसरं बांधा."