खुर्ची फिरवून बसणारा

खामगावच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हार्ड डिस्क घेऊन कुणी घाबराघुबरा आला की तो आधी एकच विचारतो, "फॉरमॅट त नाई मारला?" मलाही त्यानं तेच विचारलं. आमच्या वरवट बकाल गावचे सगळे जुने फोटो त्या डिस्कवर होते, आणि ती अचानक कोरी असल्यासारखी 'फॉरमॅट करायचं का?' म्हणून विचारायला लागली होती.

"मशीन काईबी इचारते भाऊ. आपन 'हाव' नाई म्हनाचं."

त्याची एक रीत मला फार आवडते. फाइली परत मिळाल्या की तो एकच फोटो उघडून बघतो आणि खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसतो. बाकीचे गिऱ्हाइकानं बघायचे. "लोकायचं घर असते त्याच्यात," म्हणतो.

माझ्या वेळी त्यानं उघडला तो जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो. कडेला एक बाई घागरीतून लोकांना पाणी पाजत होती आणि तोंडभर हसत होती. त्यानं खुर्ची फिरवली नाही.

"माही माय होय," तो म्हणाला. "वरवट तिचं माहेर. घरी हार घातलेला फोटो हाये, पन तो आधार कार्डावरून मोठा केला. त्याच्यात हासू नाई."

सगळे फोटो त्याच्याच मशीनवर उतरले होते. त्यातला एक ठेवून घेतला असता, तर मला कळलंही नसतं.

"भाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा एक मी घेऊ काय?"