चिखलात उभे राहिलेले मामा

आमच्या शाळेच्या शिपाईमामांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोर्डिंगातल्या प्रत्येक मुलाचं शेत ठाऊक होतं. ते ठाऊक असण्याचं कारण शाळेच्या इतिहासात छापलेलं नाही, आणि माझा राग तिथेच आहे.

शाळा फादर लोकांनी काढली, फक्त मुलांची. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतली मुलं यायची आणि आवणीला, म्हणजे भातलावणीला, घरी गेली की परतायची नाहीत. फादर चिठ्ठ्या पाठवत. वाचणार कोण? मग मामा जात. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून थेट चिखलात उतरत. "पोराच्या वाटची आवणी मी करतो. तुमी त्याला सोडा."

म्हसा गावाच्या पलीकडे आमच्या शेतातही ते असेच उतरले. बाबा म्हणाले, "फादर बाटवील त्याला."

मामांनी वर न बघता रोप खोचलं. "ईस वर्सं फादरचा चा पितो मी. गनपती अजून माज्याच घरात बसतो. तू रोपं दे रे हातात."

दोन दिवस त्यांनी आमचं भात लावलं. तिसऱ्या दिवशी मी बोर्डिंगात होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. असा झाला, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो.

फादर गेले, ट्रस्ट आला. गेल्या वर्षी त्यांनी स्मरणिका काढली. जुना विद्यार्थी म्हणून माझ्याकडे लेख मागितला. मी मामांवर पानभर लिहिलं. समितीतल्या एका साहेबांचा फोन आला, "शिपायाला इतिहासात कुठे बसवणार?" छापलं ते असं : 'संस्थापकांच्या प्रेरणेने खेड्यापाड्यांतील मुले शाळेत येऊ लागली.' येऊ लागली म्हणे. आम्ही काय पावसाळ्यातले खेकडे होतो, आपसूक चालत यायला?

स्मरणिका घेऊन मी मामांकडे गेलो. कंबर वाकलेली, नजर अधू. पोरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, तुमच्यावर लेख येतोय म्हणून. पुस्तक मांडीवर घेऊन ते म्हणाले, "माजं नाव कुठं हाय? बोट ठेव."

कुठल्याही ओळीवर ठेवलं असतं तरी चाललं असतं. नाही ठेववलं. "नाय छापलं, मामा. त्यांनी काढलं."

बराच वेळ ते पानावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "आनि तू काय बोललास त्यांना?"

मी फोनवर 'ठीक आहे, सर' म्हणालो होतो. मामांना ते न सांगता मी त्यांच्या मांडीवरची स्मरणिका उचलून पिशवीत टाकली. गेल्या महिन्यात ते वारले.