शंभरात एकही नाही

लॅबमध्ये तिला सगळ्या मोजणीबाई म्हणत. एकवीस वर्षं एकाच खिडकीशी बसून ती लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत आली होती. एका काचेवर शंभर, मग पुढची काच. कुठे पू झालेला असला की न्यूट्रोफिल झुंडीने हजर. विषाणू शिरला की लिम्फोसाइटांची गर्दी. पोटात जंत असले की नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल वाढलेल्या. जसा शत्रू तशी फौज, असं ती नव्या मुलींना तोऱ्यात सांगायची. त्या तोऱ्यानेच तिचा घात केला.

सात वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीला ताप आला. डॉक्टर कशाला, तू आहेस की, असं बहीण म्हणाली आणि बाई फुशारल्या. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, जेवणाच्या सुट्टीत काच पाहिली. पांढऱ्या पेशी विरळ, त्यांत लिम्फोसाइट जास्त. नारिंगीच्या रकान्यात शून्य घातलं, हात धुतले आणि डबा उघडला. फोनवर सांगून टाकलं, व्हायरल आहे, पडून राहा.

टायफॉइड होता. तो जंतू महालबाड. जंतू गिळणाऱ्या पेशींच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो आणि काचेवर विषाणूचं सोंग आणतो. नारिंगी पेशी तेवढ्या नाहीशा होतात, आणि तीही काही हुकमी खूण नव्हे. तिसऱ्या आठवड्यात बहिणीच्या आतड्याला भोक पडलं आणि ती गेली. मोजणीबाईला कुणी बोल लावला नाही. त्या काचेचं कुणाला ठाऊकच नव्हतं.

काच तिच्याने टाकवली नाही. हातरुमालात गुंडाळून ती पर्समध्ये घेऊन फिरायची. तेव्हापासून कुणाच्या काचेवर नारिंगी दिसेनाशी झाली की भर दुपारी तिला वाटायचं, स्टुलामागे कुणीतरी उभं आहे, ताप अंगात असलेलं. ती वळून बघायची नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बाकीच्या मुली हसायच्या, हसोत बापड्या.

आणि यंदा भाचीला ताप आला. आई गेल्यापासून पोरगी मावशीकडेच होती. बहिणीचं म्हणून तेवढंच उरलेलं. पाचवा दिवस. साथ आहे, व्हायरल असेल, असं डॉक्टर म्हणाले. मोजणीबाईने काच लावली. शंभर मोजल्या, नारिंगी एकही नाही. पुन्हा शंभर. पुन्हा शून्य. तिच्या मानेवर गरम श्वास लागला.

ती तडक डॉक्टरांपुढे जाऊन बसली आणि हलेचना. शेवटी रक्त कल्चरच्या बाटलीत गेलं. दोन दिवसांनी बाटलीत जंतू वाढला, टायफॉइडचाच. औषध वेळेवर सुरू झालं. आठवड्याने पोरगी उशीला टेकून बसू लागली. मावशीची नजर म्हणजे नजर, असं डॉक्टर तिला सांगून गेले.

"मावशी, तुला गं कसं कळलं?" भाचीने विचारलं.

अनुभव, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मोजणीबाईने रुमाल सोडला.

"हे तुझ्या आईचं रक्त. यातही हेच दिसलं होतं. मी तिला पडून राहा म्हटलं."

भाचीने काच उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"आईचं किती वेळा मोजलं होतंस?"

"एकदाच."