मामीच्या खिडकीवरची खूण

माझे मामा बॅगा दुरुस्त करतात. निखळलेलं चाक, अडकलेली चेन, उखडलेलं हँडल, काहीही आणा. दुकान मात्र मागच्या बोळात, काचवाल्याच्या आड. शेजारच्या चौकातली माणसं सरळ नवी बॅग विकत घ्यायची आणि मामा आत माशा मारत बसायचे. शेवटी मीच हट्टाने त्यांची वेबसाइट केली. जवळपासच्या कुणी फोनवर ‘बॅग दुरुस्ती’ शोधलं की आधी मामा दिसले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. फोटो मी काढले, मजकूर मी लिहिला. नकाशावरची खूण तेवढी मामांनी स्वतः लावली, आणि ती लावली घरावर.

मला वाटलं, चुकली. घर दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. गिऱ्हाईक जड बॅग ओढत घरापाशी यायचं, तळमजल्याच्या खिडकीतून मामी त्याला वाट सांगायची, मग ते पुन्हा उलटं फिरून दुकानात. हा द्राविडी प्राणायाम कोण करणार? काहीजण वैतागून तिथूनच परत जायचे. एकाने साइटवर लिहिलंसुद्धा, की पत्ता साफ चुकीचा आहे, खिडकीतल्या बाई मात्र फार प्रेमळ आहेत. मी तोंडाची फटकळ. तडक दुकानात जाऊन मामांना धारेवर धरलं, की तुम्हाला धंदा करायचाय का गंमत.

मामा चाकाचा स्क्रू पिळत होते. वर न बघताच म्हणाले, “राहू दे ती तिथेच. पाय गेल्यापासून तुझी मामी दिवसभर त्या खिडकीत बसून असते. मी सकाळी निघतो तो अंधार पडल्यावर येतो. तेवढीच चार माणसं तिच्याशी बोलतात.”

पुढे खुणेचा विषय मी काढला नाही. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

मामी कुठली संधी सोडतेय! कुठे निघालात, सोबत कोण, परत कधी, सगळी चौकशी झाल्याशिवाय ती कुणाला वाट सांगत नसे. वर प्रत्येकाच्या हाती निरोप द्यायची. चष्मा घरीच विसरलेत म्हणावं. गोळी घेतली का, तेवढं विचारा. फोन दोघांकडेही होते, पण फोनवर मामा ‘हं’च्या पुढे जात नसत. निरोपाची मात्र ते वाट बघायचे. गिऱ्हाइकाने बॅग टेकवायच्या आत विचारायचे, “घरून काही निरोप?” एकदा टाय लावलेले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, की तुम्ही शर्ट उलटा घातलाय असं बाईंनी सांगितलंय. खरंच उलटा होता. मामा कानापर्यंत लाल झाले, आणि संध्याकाळपर्यंत तो शर्ट त्यांनी तसाच ठेवला.

एका दुपारी एक मुलगी हँडल तुटलेली बॅग घेऊन आली. मामांनी नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, “निरोप नाही. खिडकीतल्या बाई बोलल्याच नाहीत. झोप लागली असावी. मी शेजारी विचारून आले.”

मामी दुपारची कधीच झोपत नसे. मामा हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट धावले. दुकान उघडं टाकून. ती मुलगी बिचारी ते राखत बसली. मी पोचले तेव्हा मामा खिडकीपाशी मामीच्या खुर्चीला धरून उभे होते, आणि स्क्रूड्रायव्हर अजून मुठीतच होता.

त्यानंतरही माणसं त्या खिडकीपाशी येत राहिली. बंद काचेवर टकटक करायची, हाका मारायची. मामांना घर आधीच खायला उठत होतं, त्यात सुट्टीच्या दिवशी या हाका. एकदा ते माझ्याकडे येऊन नुसते बसले. चहा गार झाल्यावर म्हणाले, “हलव आता ती खूण.” बोटाने एक टिंब दोन गल्ल्या सरकवायचं, चुटकीसरशी होणारं काम. मला ते धड होईना. डोळ्यांपुढे नकाशाच दिसत नव्हता.

खूण हलली आणि दुकानाला बरकत आली. माझं सगळं म्हणणं खरं ठरलं, आणि त्याचा मला राग येतो. लोक आता न चुकता थेट बोळात येतात.

परवा मी तिथे बसले होते. एक तरुण मोठी बॅग घेऊन आला, चेन बिघडलीय म्हणाला. मामांनी बॅग जवळ ओढली आणि सवयीने विचारलं, “घरून काही निरोप?”

“कुणाच्या घरून?” तो म्हणाला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते खाली वाकले आणि त्या बॅगेचं चाक फिरवत बसले, जे अगदी ठीक होतं.