बसायला केलेली गाडी

दर पावसाळ्यात चिखलणी करताना आमच्या खाचरात एखादा तरी पाना सापडतो. नटबोल्ट आवळायचा, लोखंडी, गंजलेला. कधी बैलाच्या खुराला लागतो, कधी माझ्या अंगठ्याला. ही सगळी जनूदादाची पेरणी. बोल्ट फिरला नाही की हातातलं अवजार तो मागे न बघता भिरकावून द्यायचा, आणि त्याच्या पडवीमागे आमचंच शेत होतं. दुसऱ्या दिवशी बांधावर उभा राहून वर मलाच झापायचा, "ए मन्या, माझा बारा-तेरा तुझ्या शेतात गेलाच कसा?" जसा काही पाना रात्रीतून चालत आला होता!

शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून जनूदादाची पिठाची गिरणी होती. भुवया कायम पिठाने पांढऱ्या आणि डोळे कायम लाल. बाया दळण ठेवून लांब उभ्या राहायच्या. एखादीने चुकून "जरा बारीक दळा" म्हटलं की संपलं. "बारीक पायजे तर घरी जात्यावर दळ गो. ही मशीन हाय, तुझी सासू नाय!" तरी बाया त्याच्याकडेच यायच्या, कारण पंचक्रोशीत दुसरी गिरणी नव्हती. तो मात्र हा स्वतःच्या स्वभावाचा गोडवा समजायचा.

नव्वद सालानंतर कधीतरी मुरबाडच्या भंगारवाल्याचा टेम्पो एक गाडी घेऊन चालला होता. विलायती, दोनच सीटची, बिनछपराची. नाक लांबलचक आणि बूड जमिनीला टेकलेलं. जनूदादाने टेम्पोला मोटारसायकल आडवी घातली आणि ती चालू मोटारसायकल देऊन ही बंद गाडी उतरवून घेतली. गावाने त्याला वेड्यात काढलं, त्यात मी सगळ्यांत पुढे. "दादा, हिच्यात भाताचं एक पोतं तरी मावेल का?" असं मी विचारलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेतात दोन पाने पडले.

गाडी का आणली ते त्याने मला एकदाच सांगितलं, गाडीखाली उताणा पडून, त्यामुळे मला फक्त त्याचे पाय दिसत होते. टोकावड्याकडे मुंबईच्या एका शेटचा बंगला होता. जनूदादाचा बाप, धाकूबाबा, तिथे माळी. ही गाडी शेटची. ती रोज धुवायची ते काम धाकूबाबाचं. एके दिवशी जनू भाकरी घेऊन गेला, तेव्हा बाप स्टिअरिंग पुसायला म्हणून सीटवर टेकला होता. शेट व्हरांड्यातून उतरला आणि पोरादेखत बापाच्या मुस्काटात मारली. म्हणाला, तुला धुवायला ठेवलाय, बसायला नाही. "आन् बा काय बोलला म्हाईत हाय?" गाडीखालून आवाज आला. "चुकलो शेट, बोलला. चुकलो! मन्या, बावीसचा दे." मी घाईत भलताच पाना दिला. तोही शेतात गेला.

म्हाताऱ्याला त्या गाडीत बसवायचं, तो जिवंत असेपर्यंत, एवढंच जनूदादाच्या डोक्यात होतं. धाकूबाबा तेव्हा काठीवर आला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघा वाकत नव्हता. त्यात वर्षांमागून वर्षं जायला माझीही बरीच मदत झाली. एकदा उतारावर गाडी उभी करून त्याने मला ब्रेक दाबून बसायला सांगितलं. मी मन लावून दाबत होतो, फक्त पेडल दुसरंच होतं. गाडी माझ्यासकट उकिरड्यात गेली. कमरेएवढ्या शेणातून मला बाहेर ओढत तो म्हणाला, "देवानं तुला दोन पाय दिले, ते कोनाला इचारून दिले?"

मूळ इंजिन जाम होतं. जनूदादाने जीपचं डिझेल इंजिन बसवलं. बॉनेट लागेना, तर मधोमध कापून उंचवटा केला. बापाला खाली वाकता येत नाही म्हणून सीट वीतभर उचलली, दरवाजा रुंद केला, पाय ठेवायला पायरी केली आणि धरायला एसटीत असते तशी दांडी ठोकली. चालू केली की गिरणीसारखी धडधडायची. गंधवार्ता लागून मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. गाडीभोवती फिरले आणि कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही हिची हत्या केलीत! ओरिजनल इंजिन कुठे आहे?"

"कोंबडी बसवलीय त्याच्यात."

"गाडीची किंमत ओरिजनलपणात असते हो!"

जनूदादा उठला. हातात पाना होता, म्हणून मी खाली वाकलो. "ओरिजनल पायजे तुमाला? ओरिजनल आत खाटेवर झोपलाय. जा, त्याच्या गालाला इचारा गाडीची किंमत!" पाहुण्यांना काही कळलं नाही. तरी ते पटकन गेले.

राहिला रंग. शेटच्या वेळचाच हिरवा हवा, बापाला ओळखू यायला हवा. वैशाखात शहापूरहून कॉम्प्रेसर आला, अंगणात शेवटचा हात सुरू झाला. वैशाख म्हणजे आमच्याकडे राब भाजायचे दिवस. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून पेटवतात. रंगकाम निवांत बघता यावं म्हणून मी आमचा राब आधीच उरकून घ्यायचा ठरवला. पेटवला. वारा फिरला आणि सगळी राख बांधावरून उडून ओल्या हिरव्या गाडीवर जाऊन बसली.

जनूदादा स्प्रेगन घेऊन माझ्यामागे धावला, नळी पुरेल तिथपर्यंत. माझा शर्ट हिरवा झाला, आणि खरं सांगायचं तर गाडीपेक्षा गुळगुळीत. "सगळा रंग खरवडून परत मारनार! तुझ्याकडून खरवडून घेनार, नखांनी!" तो किंचाळत होता.

सकाळी धाकूबाबा काठी टेकत अंगणात आला. बॉनेटवर तळवा फिरवला. "खरखरतेय रं. धुतली नाय कोनी? जन्या, बालदी आन." आणि म्हातारा धोतर खोचून तयार!

जनूदादाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बालदी नाय! धुवायची नाय! बसायचं, बा!"

"शेट काय बोलंल?"

"शेट मेला!"

"मेला तरी गाडी त्याचीच."

जनूदादाने बापाला पोत्यासारखं उचललं आणि सीटवर ठेवलं. रंग तसाच राहिला. गाडी निघाली टोकावड्याच्या बंगल्याकडे, आणि इंजिन तापायचं म्हणून पाण्याचा कॅन घेऊन मी लुनावर मागे. सरळगाव येईपर्यंत म्हाताऱ्याने दांडी घट्ट धरून डोळे मिटले होते. मग तो ओरडला, "हॉर्न मार रं!"

बंगल्याच्या फाटकावर वाडीवरचा एक तरणा वॉचमन होता, अंगात ढगळ गणवेश. गाडी बघून त्याने फाटक उघडलं आणि सलाम ठोकला. जनूदादाने वर्षानुवर्षं शिव्या जमवल्या होत्या, शेट नाही तर शेटच्या पोराला द्यायच्या. "मालक हायत?"

"नाय, दिवाळीला येतात."

झालं. शिव्या द्यायला माणूसच नव्हता. एवढ्यात वॉचमनने हळूच गाडीला हात लावला आणि आम्ही बघतोय म्हटल्यावर झटकन मागे घेतला. धाकूबाबाला नीट दिसत नव्हतं म्हणतात. पण तो काठी टेकत खाली उतरला. "बस रं पोरा."

"नको बाबा, ड्युटी हाय."

"बस. गेट मी बगतो."

"बा!" जनूदादाने स्टिअरिंगवर मूठ आपटली. "मी गाडी ह्याच्यासाठी केली काय?"

"माज्यासाठी केलीस ना? मंग मी बोलतो त्याला बसव."

जनूदादा वॉचमनला शेजारी बसवून धूळ उडवत गेला. वळणावरून परत आला, तर बाप फाटकाची दोन्ही दारं उघडून ताठ उभा. "गेट सोड, बा! सोड म्हनतो ना!" तो एवढा ओरडला की शेजारचा वॉचमन दरवाजाला चिकटला. धाकूबाबाने फाटक सोडलं नाही. "आदी आत ये," म्हणाला.

धाकूबाबा पुढच्या थंडीत गेला. जनूदादा त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि त्या दिवसावरून बापावर चिडतच राहिला. वर त्या वॉचमनला मुरबाडच्या बाजाराला न्यायलाही तोच जायचा, रस्ताभर शिव्या देत. एका चैत्रात तोही गेला, गिरणीच्या पट्ट्यावर ओरडता ओरडता.

यंदा चिखलणीत पुन्हा एक पाना निघाला, माझ्याच अंगठ्याखाली. बारा-तेरा. रक्त आलं. असा संताप आला मला! मरायच्या आधी स्वतःचं सामान तरी गोळा करायचं माणसाने. मी तो पाना धुतलाही नाही, नेम धरून त्याच्या पडवीच्या पत्र्यावर फेकला. दणकन आवाज झाला. चिखलात उभा राहून मी बराच वेळ शिवीची वाट बघितली.