आतोबांच्या अंगातला देव

माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका पापभीरू माणूस आणि त्यांच्या देवाइतका तोंडाळ देव अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडला नसता. आणि कमाल म्हणजे दोघांचा मुक्काम एकाच अंगात! एरवी आतोबा बैलालासुद्धा "सरका जरा" म्हणायचे. बेलापूरच्या बाजारात कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तर हात हेच जोडणार. पण उपास केला की दुसऱ्या दिवशी सकाळी भैरोबा अंगात आलाच म्हणून समजा. उपासही साधासुधा नाही, अगदी निरंकार. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासाला ते 'सण' म्हणायचे. मग घामाने सदरा भिजायचा, हात थरथरायचे, नजर भलतीकडेच लागायची, आणि नको नको त्या शिव्या त्यांच्या तोंडून खणखणीत निघायच्या. एकदा सरपंचांना म्हणाले, "ए रेड्या, टोपी काढ!" सरपंचांनी टोपी काढली आणि वर नारळही फोडला. हरवलेली म्हैस, अडलेलं लग्न, सगळ्याचा निकाल तिथंच लागायचा. शेवटी आत्या गुळाचं पाणी पाजायची, घटकाभरात देव जायचा आणि आतोबा ओशाळून विचारायचे, "कुनाला काई बोललो न्हाई ना मी?" देवाला गूळ आवडतो, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला होता.

बहात्तरच्या दुष्काळात पावसाचं विचारायला गावानं त्यांना उपासाला बसवलं. मी सुटीसाठी तिथंच होतो. सकाळी देव आला, पण बोलेना. आतोबा आडवे झाले, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले. गुळाचं पाणी ओठांवरून ओघळून गेलं. लोकांना वाटलं देव रागावला, म्हणून त्यांनी हलगी आणखी जोरात वाजवली. अरे, हा माणूस चाललाय आणि तुम्ही हलगी काय वाजवताय! मी बोंबलून एक जीप मिळवली आणि त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं. सुई अजून दंडात होती, तोच आतोबा डोळे उघडून म्हणाले, "ह्यो गाव कोन्चा?" डॉक्टरांनी आत्याकडून सगळी हकीकत दोनदोनदा ऐकली आणि म्हणाले, "आता यांना इथं, माझ्या देखत उपास करू द्या." आतोबा खूश! "आजवर समदे डाक्टर खा-खा म्हनत हुते. ह्यो एकच धार्मिक भेटला." देव अंगात येताच डॉक्टरांनी त्याचं रक्त काढलं. त्यात साखर जवळजवळ नव्हतीच. स्वादुपिंडात बारीकशी गाठ असणार, म्हणाले, फार क्वचितच सापडणारी. ती इन्शुलिन सोडत राहते आणि उपाशी माणसाची साखर संपवून टाकते. पुण्याला ऑपरेशन करून ती काढली नाही, तर एखाद्या सकाळी हे उठायचेच नाहीत.

इतक्या वर्षांचा भैरोबा म्हणजे हरभऱ्याएवढी गाठ? ज्याच्यापुढे सरपंचांनी टोपी काढली, ती गाठ? आतोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "देवाला कापायचं? मेलो तरी चालंल." कितीही विनवलं तरी ऐकेनात. तेव्हा आयुष्यात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली माझी आत्या कडाडली, "अवो, देव असंल तर त्याला सुरी लागायची न्हाई. आन् गाठ असंल तर मला ती घरात नगं!" आतोबा मुकाट्यानं पुण्याला निघाले.

गाठ निघाली, आतोबा वाचले. अंगात ताकद आल्यावर पहिल्याच एकादशीला, आत्या नको नको म्हणत असताना, त्यांनी निरंकार उपास धरला. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी माणसं अंगणात जमली. आतोबा आंघोळ करून घोंगडीवर बसलेले, घाम नाही की थरथर नाही. ऊन वर आलं तशी माणसं एकेक करून उठून गेली. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "अंगात कोन्नीच आलं न्हाई रे," ते हळूच म्हणाले.

एक म्हातारी तेवढी बसून राहिली होती. तिची लेक पाथर्डीकडे दिलेली, दुष्काळापासून तिची काही खबर नव्हती. "देवा, माजी लेक कशी हाय?" तिनं हात जोडून विचारलं. आतोबा घोंगडीवरून उठले.

"मला न्हाई ठावं, मावशे," ते म्हणाले. "पर मी जाऊन बगून येतो."

आत्यानं भाकरी बांधून दिली आणि ते खरोखरच नगरच्या एसटीत चढले, पुढं पाथर्डीची गाडी धरायला. एवढ्या वर्षांत देव काही कुणासाठी पाथर्डीपर्यंत गेला नव्हता.